केळी कुणी कापली हे आठ जण सांगतायत, वाचकाने ऐकायचं कुणाचं?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, कथा-कादंबरीत एकापेक्षा जास्त माणसांच्या नजरेतून कसं लिहायचं, म्हणून बाकीचे (प्रकाशक उत्तर देत नाही, मानधन येत नाही वगैरे नेहमीचे) पुढच्या अंकात घेऊ. प्रश्न थोडे छाटलेत. नावं आपण छापत नाही, गाव-तालुका तेवढा देतो.

प्रश्न (रावेर तालुका): सर, मी केळी उत्पादक, कादंबरी लिहितोय. दोन भाऊ, वाटणी झालेली, विहीर सामाईक. एका रात्री धाकट्याच्या बागेतली निसवलेली (घड बाहेर पडलेली) केळी कुणीतरी कापून आडवी करतं. मग पोलीस, पंचनामा, गावभर संशय. हे मी आठ जणांच्या तोंडून लिहिलंय. थोरला, धाकटा, दोघांच्या बायका, आई, केळीचा व्यापारी, सालदार आणि पोलीस पाटील. मित्र म्हणतो आठ जास्त होतात. किती ठेवू? कापणारा थोरलाच आहे पण ते शेवटच्या चॅप्टरला कळायला पाहिजे.

उत्तर: भाऊ, विषय जबरदस्त आहे, अशा बातम्या आपल्याकडे पेपरात येतात आणि चार ओळींत संपतात, त्यामागचं घर कुणी लिहीत नाही.

आकडा मी सांगणार नाही. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) सहा जण बोलतात, 'ययाती'त (१९५९) तिघं, आणि वाचताना कुणी मोजत बसत नाही. तुम्ही एक करा, आठही जणांपुढे एकच प्रश्न ठेवा, याला असं काय माहीत आहे जे बाकी सातांना नाही? आणि लगेच त्याचा जोडप्रश्न, याला काय माहीत नाही? दुसरा प्रश्न जास्त कामाचा, पण लोक तो विचारतच नाहीत.

तुमच्या यादीवर हे लावून बघतो. पोलीस पाटील बाद. त्याला जे कळतं ते वाचकाला आधीच कळलेलं असतं, तो फक्त पंचनामा वाचून दाखवतो, तेवढं काम दुसऱ्याच्या चॅप्टरमध्ये दोन ओळींत होतं. व्यापारी मात्र ठेवा, पण सध्या तो नुसता भाव सांगतोय, त्याला काहीतरी गुपित द्या. समजा धाकट्याने त्या घडांवर आधीच उचल घेतलेली आहे आणि हे घरात कुणालाच माहीत नाही. मग कापली गेली ती नुसती धाकट्याची बाग राहिली नाही, व्यापाऱ्याचा पैसापण आडवा झाला, आणि थोरल्याला वाटतंय आपण भावाला धडा शिकवला, प्रत्यक्षात त्याने तिसऱ्याच माणसाशी वैर घेतलंय आणि त्याला पत्ताच नाही. हे वाचकाला कळतं, थोरल्याला कळत नाही. अनेक नजरा वापरायच्या त्या या फरकासाठी.

सालदार बागेतच झोपतो ना? मग त्याने पाहिलेलं असणार. आणि त्याची वर्षाची उचल थोरल्याकडून असेल तर तो तोंड उघडणार नाही. त्याचं चॅप्टर छोटं ठेवा, बाकीचे पानंच्या पानं बोलतायत आणि हा दीड पानात गप्प, ते बरोबर दिसेल.

तुमच्याकडचं सगळ्यात मोठं सोनं म्हणजे थोरल्याची बायको, आणि तिला तुम्ही रडण्याच्या कामाला लावलंय! अहो, केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. सकाळी ती नवऱ्याचा शर्ट धुवायला घेते, डाग ताजा आहे. पण केळीवाल्याच्या घरात डाग नसलेला शर्ट असतो कुठे? म्हणजे तिला माहीत आहे आणि नाही पण, आणि ती स्वतःला दोन्हीकडून समजावतेय, कालचाच असेल, परवाचा असेल, काल तर हे बागेत गेलेच नव्हते. कादंबरी तिच्या भोवती उभी करता येईल. आई आणि धाकट्याची बायको यांच्यातली एकच ठेवा, सध्या दोघी एकच दुःख सांगतायत.

आता थोरला. इथे मोठी गडबड आहे. तुम्ही त्याला 'मी' म्हणून बोलायला लावलंय, तीन चॅप्टर आहेत त्याचे, त्यात तो वाटणीचं बोलतो, विहिरीचं बोलतो, लहानपणी दोघं तापीत पोहायचे ते पण बोलतो, आणि ज्या रात्री स्वतःच्या हाताने भावाची बाग कापली तिचा त्याला एकदाही विचार येत नाही? माणसाच्या डोक्यात शिरल्यावर त्याच्या डोक्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लपवली तर शेवटी वाचक चकित होत नाही, चिडतो. तो म्हणतो मी इतका वेळ याच्या मनात बसलो होतो आणि लेखकाने मला खोटं दाखवलं.

यातून सुटायला रस्ते आहेत. एक, त्याला चॅप्टरच देऊ नका. बाकीचे पाच जण त्याच्याबद्दल बोलतील, तो बाहेरूनच दिसेल. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण दोघं एकाच माणसाच्या प्रेमात पडतात, दोघांचं निवेदन आहे, पण ज्याच्यामुळे सगळं घडलं त्या भाडेकरूला ना चॅप्टर आहे ना नाव. 'ययाती'तला कच किती महत्त्वाचा, पण निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठेचंच. मध्यभागी असलेला माणूस गप्प ठेवला की बाकीच्यांचं बोलणं त्याच्याकडे ओढलं जातं.

दुसरा रस्ता असा की वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाका. थोरल्याने कापली, पान तीसवर कळलं. मग 'कोण' संपलं आणि 'आता घरात कुणाला कधी कळणार' सुरू झालं, म्हणजे ताण उलट वाढतो, कारण प्रत्येक जेवणाच्या पंगतीला वाचकाला घाम फुटणार. तिसरा रस्ता, थोरला खोटं बोलतोय हे त्याच्या बोलण्यातूनच फटीफटीने दिसू द्यायचं, पोलिसांना जबाब देतोय तसं त्याचं निवेदन ठेवायचं, म्हणजे लपवणारा तो, लेखक नाही. हा अवघड आहे, पहिल्याच कादंबरीत मी सुचवणार नाही. मला विचाराल तर पहिला रस्ता घ्या आणि पाचाच्या वर जाऊ नका. बघा, शेवटी आकडा सांगितलाच.

प्रश्न (अमळनेर): एकाच प्रसंगात दोन माणसांच्या मनातलं लिहिलं तर चूक का? माझ्या कथेला स्पर्धेत "दृष्टिकोन सतत बदलतो" असा शेरा मिळाला. जुन्या लेखकांनी तर सर्रास केलंय.

उत्तर: ताई, कायदा असा काही नाही. पण तुमच्याच कथेतला तुकडा बघू (थोडा आवरून देतोय):

"शालूने मांडा हातावर फिरवला. सासू बघतेय हे जाणवून तिचे हात थरथरले. पोरीला जमतंय की, सासूला वाटलं, आपल्याला पहिल्या वर्षी एवढंही जमलं नव्हतं. दारातून सासरे बघत होते, त्यांना भूक लागली होती."

चार वाक्यं, तीन डोकी. शालूची भीती मला लागायच्या आतच सासूने येऊन सांगून टाकलं की घाबरू नको, मी चांगली आहे. मग कथेत उरलं काय? सासऱ्यांची भूक तर कुणीच विचारली नव्हती. आता शालूच्याच डोक्यात राहून बघा:

"शालूने मांडा खापरावर टाकला. कडेला भोक पडलंच. सासूबाई उठल्या. आता बोलणार, तिला वाटलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला आणि परत जागेवर जाऊन बसल्या."

सासू चांगली आहे हे वाचकाला कळलं, शालूला अजून नाही कळलं. वाचक शालूच्या एक पाऊल पुढे आहे आणि त्याला ते आवडतं.

राहिले जुने लेखक. त्यातले बरेच जण सर्वज्ञ निवेदक वापरायचे, म्हणजे गोष्ट सांगणारा एक वेगळाच आवाज असतो, कीर्तनात उत्तररंगाला बुवा जसे घडीत राजा होतात, घडीत राणी, घडीत दारावरचा शिपाई, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही कारण सांगणारे बुवा समोर उभे असतात. असा सांगणारा पहिल्या परिच्छेदापासून ऐकू आला पाहिजे, त्याची स्वतःची मतं पाहिजेत, फटकळपणा पाहिजे. तुमच्या कथेत पहिली तीन पानं फक्त शालू आहे आणि चौथ्या पानावर अचानक सगळ्यांची मनं उघडतात. शेरा त्यासाठी मिळालाय. नजर बदलायचीच असेल तर प्रसंग संपवा, एक ओळ मोकळी सोडा, मग बदला, आणि नवीन तुकड्याच्या पहिल्या वाक्यातच कळू द्या आपण कुणाजवळ आहोत.

प्रश्न (साक्री): कादंबरीत नात पुण्यात आयटीत, आजी गावात. एक चॅप्टर नातीचं, एक आजीचं असं चालू आहे. आजीचं पूर्ण अहिराणीत लिहू का? पुण्याची मैत्रीण म्हणते कुणाला कळणार नाही. प्रमाण मराठीत लिहिलं तर ती माझी आजीच वाटत नाही.

उत्तर: मैत्रिणीचं अर्धंच ऐका. वाचकाला आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं, "मना पोऱ्या तसा नही" हे नागपूरच्या माणसालासुद्धा कळतं, त्याला शब्दार्थाची यादी नको असते, मागचापुढचा संदर्भ पुरतो. तळटीपा तर अजिबात देऊ नका, प्रत्येक तळटीपेला वाचक आजीच्या घरातून उठून बाहेर जातो.

पण आधी ठरवा की आजी स्वतः बोलतेय का तिच्याबद्दल कुणीतरी सांगतंय. ती 'मी' म्हणून बोलत असेल तर अहिराणीशिवाय पर्याय नाही, धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात आयुष्य काढलेली बाई मनातल्या मनात "मला अस्वस्थ वाटू लागले" असं म्हणत नसते. मग तिची चॅप्टरं छोटी ठेवा, दोन-तीन पानांची. मोठी ठेवायची असतील तर तृतीयपुरुषात या, निवेदन मराठी पण आजीच्या अंगाला चिकटलेलं, तिचेच शब्द, तिचीच मोजमापं. ती तारीख सांगणार नाही, आखाजीच्या आधी, कानबाई बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी असं सांगेल. आणि संवाद मात्र पूर्ण अहिराणीत, तिथे तडजोड नको.

अजून एक, आणि हे मी वारंवार बघतो म्हणून जरा चिडून लिहितोय. आपल्या लोकांच्या लिखाणात अहिराणी फक्त म्हाताऱ्यांना, मजुरांना आणि विनोदाला मिळते, शिकलेला माणूस आला की लगेच पुस्तकी मराठी. तुमची नात फोनवर आईशी काय बोलते? ऑफिसमध्ये भांडण झालं तर डोक्यात पहिला शब्द कुठल्या बोलीत येतो? तिच्या चॅप्टरमध्ये पण अहिराणी गळू द्या, रागात, झोपेत, आजारपणात. मग दोन आवाज वेगळेही राहतील आणि एकाच घरातलेही वाटतील. बोलीपण सगळीकडे सारखी नाही, साक्रीकडची वेगळी, नंदुरबारकडे गुजरातीचा वास येतो, यावल-रावेरला लेवा गणबोली ऐकू येते. म्हणून कुठल्या पुस्तकातून उचलू नका, आजीचंच बोलणं रेकॉर्ड करा आणि तसंच लिहा.

प्रश्न (भुसावळ): नवरा-बायको वेगळे होतात तो दिवस दोघांच्या बाजूने लिहिलाय, आधी त्याचा, मग तिचा. वाचणारे म्हणतात दुसऱ्यांदा कंटाळा येतो. काय करू?

उत्तर: कंटाळा येणारच, तुम्ही तीच फिल्म कॅमेरा हलवून परत दाखवलीये. स्टेशनवर आले, चहा घेतला, गाडी लेट होती, बोलले, ती गेली. दोघांच्याही चॅप्टरमध्ये हेच.

कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) बघितला नसेल तर बघा, अकुतागावाच्या कथेवर आहे. एक माणूस मेलाय आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो, अगदी मेलेला माणूससुद्धा एका मांत्रिक बाईच्या तोंडून आपली बाजू मांडतो, आणि गंमत म्हणजे घटनाच बदलत जाते, कुणी कुणाला मारलं हेच बदलतं. नुसत्या भावना बदलल्या असत्या तर तो सिनेमा अर्ध्या तासात संपला असता.

तुम्हाला इतकं टोकाला जायची गरज नाही. दोन्ही चॅप्टरमध्ये फक्त एक वाक्य कॉमन ठेवा. समजा तो म्हणतो, "पोचली की फोन कर." त्याच्या चॅप्टरमध्ये ते शेवटचं वाक्य, त्याच्या मते त्याने दार उघडं ठेवलं. तिच्या चॅप्टरची सुरुवातच त्या वाक्याने, आणि तिच्या कानाला ते बारा वर्षांचंच वाक्य आहे, बाजारात गेली तरी हेच, माहेरी गेली तरी हेच. मग तिची गाडी सुटू द्या, मनमाड येऊ द्या, जे त्याला कधीच दिसणार नाही ते दाखवा. चहा आणि लेट गाडी एकदाच येऊ दे.

प्रश्न (शहादा): मी शिक्षक, बरीच वर्षं धडगाव भागात नोकरी केली. पावरा या आदिवासी समाजातल्या शाळकरी मुलीच्या नजरेतून आणि शिक्षकाच्या नजरेतून आलटून पालटून लिहायचंय. मी लिहू शकतो का, की लिहूच नये?

उत्तर: सर, लिहू नये असं मी कुणालाच सांगत नाही, पण तुम्हाला ती मुलगी दिवसाचे किती तास दिसली याचा हिशोब करा. तुम्हाला दिसली ती वर्गातली मुलगी, हजेरीतली. होळीच्या दिवसांत ती आठवडाभर येत नाही तर तुमच्या हजेरीपटावर ती गैरहजर. तिच्या बाजूने बघितलं तर त्या आठवड्यात तीच सगळीकडे हजर आहे, भोंगऱ्या बाजाराला, नाचाला, पाहुण्यांत, आणि शाळाच गैरहजर आहे. सातपुड्यात होळी केवढी मोठी असते ते तुम्ही पाहिलंय. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे घरात काय उरतं, किंवा ती त्यांच्याबरोबर गेली तर कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) झोपताना तिला काय ऐकू येतं, हे तुम्हाला माहीत आहे का, खरं सांगा. माहीत नसेल आणि तरी 'मी' म्हणून लिहिलं तर ती मुलगी तुमच्यासारखाच विचार करायला लागते, फक्त वाक्यं लहान होतात.

मला वाटतं तुमचं खरं पुस्तक शिक्षकाच्या नजरेत आहे. तो चुकीचं समजतो आणि वाचकाला त्याच्या खांद्यावरून दिसतं की तो चुकीचं समजतोय. मुलगी जे बोलते, जे बोलत नाही, जी वस्तू दप्तरात आणते तेवढंच द्या. तरीही तिची नजर पाहिजेच असेल तर मजकूर छापायच्या आधी पावरी बोलणाऱ्या, त्याच भागातल्या दोन-तीन जणांना वाचायला द्या, तुमचे जुने विद्यार्थी आता मोठे झाले असतील, आणि ते जे म्हणतील त्यावर वाद घालू नका.

प्रश्न (जळगाव): माझे तिन्ही निवेदक 'मी' म्हणून बोलतात, पण वाचणारे म्हणतात तिघं एकसारखेच वाटतात.

उत्तर: चॅप्टरवरची नावं झाका आणि मधलं कुठलंही पान काढा. कोण बोलतंय ते तुम्हालाच ओळखू येत नसेल तर वाचकाचा दोष नाही.

तकियाकलाम लावून काम होत नाही, एक जण सारखं "म्हणजे बघा" म्हणतो, दुसरी "जाऊ दे ना", हे नाटकातलं झालं. त्याऐवजी बघा की प्रत्येक जण मोजतो काय. तेच शेत, मालकासाठी ती मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आहे, मागच्या वर्षीच्या कांदेबागेपेक्षा (पावसाळा संपताना लावलेलीपेक्षा) बरी. व्यापाऱ्याला ते क्विंटल दिसतात आणि गाडी भरेल की नाही ते. तलाठ्याला गट नंबर आणि आर. मजूर बाईला दिसतं की सावली कुठपर्यंत येते आणि पाण्याचा हंडा किती लांब आहे. माणूस ज्या गोष्टीकडे बघतच नाही ती त्याच्या चॅप्टरमधून काढून टाका, अर्धं काम तिथेच होतं.

दुसरं, हे तिघं कुणाला सांगतायत? वकिलाला, मेलेल्या बापाला, डायरीला, का बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला? वर 'कोबाल्ट ब्लू'चं नाव आलंच, त्यात भाऊ त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतो आणि बहीण डायरी लिहिते, तेवढ्यानेच दोन आवाज फुटतात. तुमचे तिघंही हवेत बोलतायत, म्हणून एकसारखे वाटतायत.

प्रश्न (शिरपूर): चॅप्टरवर निवेदकाचं नाव द्यावं का?

उत्तर: द्या. वाचकाला कोडं घालण्यात काही हशील नाही. पण नावावर विसंबून राहू नका, वरचं उत्तर वाचा.

प्रश्न (चाळीसगाव): मेलेल्या माणसाला निवेदक करता येतं का? नायक मध्येच मरतो, पुढची गोष्ट कोण सांगणार असा पेच आहे.

उत्तर: येतं, पण मग पहिल्या पानापासून तो मेलेलाच पाहिजे. अर्ध्यात मेला आणि तरी बोलतच राहिला तर वाचक हसेल. तुमच्या पेचाला मराठीत चांगलं उत्तर आहे. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतःचं पुष्कळ सांगतो, पण शेवटचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी आहे, कारण कर्णाचा शेवट कर्ण सांगू शकत नाही. आणि सांगणारा निवडलाय तो समोरच्या बाजूचा, अर्जुनाचा सारथी. दुःखात बुडालेली बायको किंवा जिवलग मित्र निवडला असता तर नुसता शोक झाला असता. तुमच्या नायकाच्या मरणाच्या वेळी तिथे त्याच्या विरोधातलं कोण हजर होतं ते शोधा आणि त्याला आधीपासून दोन-तीन छोटी चॅप्टरं देऊन ठेवा, नाहीतर शेवटी तो आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

प्रश्न (धरणगाव): एकाच माणसाच्या नजरेतून पूर्ण कादंबरी लिहिली तर आजकाल जुनाट वाटेल का?

उत्तर: 'कोसला' (१९६३) घ्या, सगळी पांडुरंग सांगवीकरच सांगतो, आणि नेमाडे तर आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. ते पुस्तक जुनाट वाटत असेल तर मला कळवा, आपण बोलू. एकाचंच पुरत असेल तर दुसरा आणूच नका, आणि पुरतंय की नाही हे पहिला ड्राफ्ट पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी तो पूर्ण करा.